आमच्या परदेशातून : एका शब्दाची वकिली

सांगानेर, जयपूर
रविवार, कुकर लावून

ती. दादास व सौ. वहिनींस सा. न.

पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत आहे, गोड्या मसाल्याने मात्र जिन्यातच आपली ओळख करून दिली. वहिनी, "तिकडे आमसुलं मिळत नाहीत का गं?" हे तुम्ही फोनवर अशा आवाजात विचारलंत, की जणू आमची बदली ध्रुवावर झाली आहे. मिळतात. पण ज्या भावात मिळतात, त्या भावात ती आमटीत टाकायची की लॉकरमध्ये ठेवायची, हे ठरत नाही. ओल्या नारळाचं तर बोलूच नका. तो इथे देवाला चढवायची वस्तू. सोलकढीसाठी नारळ फोडणं म्हणजे देवाच्या ताटातून उचलण्यासारखं वाटतं, आणि भाव ऐकला की देवालाच द्यावा असं वाटतं. विमानतळ उशाशी असल्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून एक विमान जातं. त्यात बसलेल्यांपैकी कोणी ना कोणी मुंबईला चाललेलं असणार, या विचाराने भाजी करपते. असो.

आता दादा, तुझा मुद्दा. अप्पाकाकांच्या वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेत "कुटुंबवत्सल" हा शब्द नको, असं तू कळवलं आहेस. तुझं म्हणणं, महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चढलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर कामाबद्दल लिहावं. "कुटुंबवत्सल" हा शब्द दुसरं काही सुचलं नाही की छापतात, "अल्पशा आजाराने" सारखा. काकांच्या आठवणी मी लिहीत नाही, त्या तुमच्याकडे जास्त आहेत आणि नंदाताई त्यात रोज भर घालते. मी फक्त या शब्दाचं वकीलपत्र घेते. माझ्या मते सरकारी नोकराच्या बाबतीत हा शब्द भरतीचा नाही. त्याची नोकरी कशी झाली, तेच त्यात सांगितलेलं असतं.

पहिला साक्षीदार खुद्द सरकार. ह्यांच्या ऑफिसातलं केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, 1964 हे पुस्तक वाचून बघ. विनोदी वाङ्मय म्हणून त्याची उपेक्षा झाली आहे. त्यात भेटवस्तूचा नियम आहे. नोकराने भेट घ्यायची नाही एवढ्यावर तो थांबत नाही, घरच्यांनाही घेऊ द्यायची नाही. मग भेट म्हणजे काय? फुकटचा प्रवास, फुकटचा मुक्काम, फुकटचं जेवण, सगळं आलं. पण सहज झालेलं जेवण किंवा वाटेत मिळालेली लिफ्ट ही भेट नव्हे! आता जेवण "सहज" झालं हे कोणी ठरवायचं? वाढणारीने दुसऱ्यांदा श्रीखंडाचा आग्रह केला तर सहजपणा संपतो का? जवळच्या नातलगांकडून लग्नकार्यात, सणासमारंभात रीतीप्रमाणे भेट चालते, मात्र ठरावीक रकमेपुढे ती सरकारला कळवावी लागते. तेव्हा वहिनी, पुढच्या वेळी डिंकाच्या लाडवांत बदाम जरा बेतानेच घाला. पण थट्टा सोडली तर या नियमाला एक गोष्ट नेमकी कळली आहे. लाच कचेरीच्या टेबलावरून जितकी शिरते, त्याहून अधिक घराच्या मागच्या दाराने शिरते, आणि त्या दाराची कडी घरच्यांच्या हातात असते. स्वच्छ राहिलेला अधिकारी एकटा कधीच स्वच्छ राहत नाही. दिवाळीला दारात आलेला मिठाईचा खोका परत करणारी बायको आणि मित्राच्या नव्या स्कूटरकडे बघून गप्प बसणारा मुलगा ही त्याच्याच आस्थापनेवरची बिनपगारी माणसं.

तू म्हणशील, घरावरची मायाच तर लाचेची आई आहे. पोरीचं लग्न, पोराचं डोनेशन, यासाठीच हात पुढे होतात. आक्षेप खरा आहे. पण मग सरकारने सगळे ब्रह्मचारी भरती केले असते. उलट आमच्या गावातच याचं उत्तर उभं आहे. सांगानेर म्हटलं की तुम्हाला छापील चादरी आणि हातकागद आठवतो (हे पत्रही त्याच कागदावर आहे, म्हणून इतकं जाड). पण इथे श्री संपूर्णानंद खुला बंदी शिविर आहे. डॉ. संपूर्णानंद राजस्थानचे राज्यपाल असताना, 1963 च्या सुमाराला ते सुरू झालं. तिथले बरेचसे कैदी खुनासाठी जन्मठेप झालेले. शिक्षेचा तिसरा हिस्सा बंद तुरुंगात नीट काढला की इथे येता येतं. बायकामुलांसह राहायचं, दिवसा बाहेर जाऊन कमवायचं, कारण सरकार जेवू घालत नाही, आणि ठरल्या वेळी हजेरीला परत यायचं. पळून जाणं फारसं अवघड नाही, तरी बहुतेक जण परत येतात. ज्या माणसाने भिंतीला जुमानलं नसतं, तो चुलीपाशी बसलेल्या पोरासाठी हजेरीला येतो. कल्पना काही परकी नाही; आपल्या औंध संस्थानाने आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूर वसवलं आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' काढला. खुन्याच्या बाबतीत जे राज्य घरच्या ओढीला जामीन मानतं, त्याने कारकुनाच्या बाबतीत तिच्यावर संशय का घ्यावा? राहिलं पोरीचं लग्न, तर त्यात पाचशे पान उठवणं हे पोरीसाठी नसतं, पाचशे लोकांसाठी असतं.

दुसरा आक्षेप आपल्या मराठी मनाचा. घर वाऱ्यावर सोडलं की माणूस मोठा, असा आपला एक जुना हिशेब आहे. महर्षी कर्व्यांनी आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, हे आपण भरल्या गळ्याने सांगतो. पण दुसऱ्या बाजूची खातेवही त्यांच्या पत्नी बायांच्या 'माझे पुराण' मध्ये आहे, आणि ती आपण क्वचित उघडतो. शिवाय कर्वे सरकारी नोकर नव्हते. नोकरशाहीतला माझा साक्षीदार वेगळा आहे, चिंतामणराव देशमुख. रोह्या-महाडकडचा माणूस, 1918 साली आयसीएसला पहिला, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, 1950 पासून अर्थमंत्री. 1953 च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. आणि तीन वर्षांनी, 1956 मध्ये, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून ते बाहेर पडले. असा राजीनामा सुचतो अनेकांना, लिहिला जात नाही, "आता बंगल्याचं काय?" हा प्रश्न घरात विचारला जाईल याची भीती असते. स्वतः सार्वजनिक कामात मुरलेल्या दुर्गाबाईंच्या घरात तो प्रश्न मोठा नसावा, असं मला वाटतं. पुढे हे दोघे हैदराबादला, म्हणजे दुर्गाबाईंच्या मुलखात, राहिले. 1980 मध्ये दुर्गाबाईंनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'चिंतामण अँड आय'. निवृत्त अधिकाऱ्याला इतकं बोलकं प्रशस्तिपत्र कोणत्या खात्याने दिलं आहे? दुर्गाबाई 1981 च्या मे महिन्यात गेल्या, चिंतामणराव पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला.

अप्पाकाका काही देशमुख नव्हते, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. पण अर्थमंत्र्याला राजीनामा एकदाच द्यावा लागतो. सातबाऱ्याच्या टेबलावरच्या माणसाला तो रोज सकाळी, पाकीट परत सरकवून, थोडा थोडा द्यावा लागतो. त्याची बातमी होत नाही. म्हणून त्याच्याबद्दल लिहायला दुसरं काही सुचत नाही, आणि तिथे हा शब्द येतो. तू त्याला रिकामा म्हणतोस. मला तो गच्च भरलेला दिसतो.

बाकी, बंडूने मुलगी पाहिली आणि मुलीनेच त्याला नापसंत केलं हे ऐकून इथे आनंदीआनंद झाला. मुलगी शहाणी दिसते, सोडू नका. नंदाताईला सांगा, मी जाड झालेले नाही, फोनचा कॅमेरा तसा आहे. काकूंचे गुडघे कसे आहेत ते कोणीच नीट सांगत नाही. फोनवर त्या "बरंय" म्हणतात आणि मागे तुमच्या अंगणातल्या भारद्वाजाचा आवाज येतो, मग मलाही पुढचं काही विचारता येत नाही. कुकर थंड झाला, भात उकरायला हवा.

एक राहिलंच. स्मरणिकेत काकांचा एकट्याचा, टाय लावलेला फोटो छापू नका. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावावा लागतो. बऱ्याच घरांत लग्नानंतरचा तेवढाच जोडफोटो असतो, सरकारने सक्तीने काढवलेला. काकूंच्या ट्रंकेत त्याची एक प्रत नक्की असेल. तो छापा. दोघंही हसत नसतील, तरी चालेल.

तुझी,
ताई