स्थानिक तज्ज्ञ

क्षेत्रफळात नगर जिल्हा राज्यात पहिला. १७,०४८ चौरस किलोमीटर. दक्षिण टोकाला आमचं श्रीगोंदा, म्हणजे ऊस, कांदा आणि पावसाची वाट; वायव्येला अकोले तालुका, म्हणजे सह्याद्री आणि घाटघरचा धो धो पाऊस. तिथल्या उन्हाळी शिबिराच्या अर्जात जिल्ह्यापुढे मी ‘अहिल्यानगर’ लिहिलं आणि पुण्या-मुंबईच्या पोरापोरींत एकदम ‘स्थानिक तज्ज्ञ’ होऊन बसलो. त्यात कृषी शाखेचा विद्यार्थी. मग काय विचारता!

रतनगड चढायच्या आदल्या दिवशी कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेत गेलो होतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० सालचा पद्मश्री मिळालेला. तिथले तऱ्हतऱ्हेचे वाल बघून सगळ्यांनी अपेक्षेने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत काढली नाही.

रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर आलं तेव्हा मात्र मी खुललो. ‘शिलाहारांच्या काळातलं!’ मी फलकाला पाठ लावून सांगितलं, म्हणजे तो कुणाला दिसू नये. पुढे रतनगडाचं दाट रान लागलं. झाडांना फलक नव्हते.

‘हे कुठलं रे?’

‘हिरडा.’

इथली महादेव कोळी माणसं हिरडा गोळा करून विकतात, एवढं एसटीत कानावर पडलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी अर्धा डोंगर चढलो. शेवटी एका मुलीने वहीत लिहिलं, ‘या जंगलात फक्त हिरडा आढळतो.’ १९८६ पासून अभयारण्य असलेल्या रानाची अशी शोभा कुणी केली नसेल! कारवीही हिरड्यात जमा व्हायची, पण वाटाडे मामा आधी बोलले, ‘ही कारवी. सात वर्षांनी फुलती. हिच्या काठ्यांचा कूड करायचा, शेणामातीनं लिंपायचा, की झाली भिंत.’

मग शिड्या आल्या. अर्ध्या शिडीवर माझे गुडघे आपापसात बोलू लागले. मी डोळे मिटून लोखंडाला मिठी मारली.

‘काय बघतोयस?’ खालून विचारणा झाली.

‘खडक. बेसाल्ट आहे.’ तो नाकालाच टेकला होता.

मामांनी सॅकचा पट्टा धरून मला वर ओढलं. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे खडकातल्या आरपार भोकात, बसून बाकीचे कळसूबाईचं १६४६ मीटर उंच शिखर न्याहाळत होते. मी खाली जायला दुसरी वाट आहे का, ते मामांना विचारत होतो.

उतरल्यावर झाडाखाली एक पोरगं लिंबू सरबत विकत होतं.

‘वीस रुपये.’

‘अरे, मी आपल्या नगरचाच!’

त्याने माझ्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं. ‘गाववाल्यांना दहा. पण मग हे वरचं झाड कोणतं, सांगा.’

एव्हाना मीही शहाणा झालो होतो. हिरडा म्हणायचं नाही, हे पक्कं ठरवलं.

‘जांभूळ!’

‘हिरडा हाय. काढा वीस.’