काचेचा टप

पणदऱ्यातील आमच्या एका स्नेह्याने उसाच्या पैक्यातून आणलेल्या गाडीचा टप काचेचा असल्याचे वर्तमान कळताच, वैशाखात बाभळीची सावली शोधणाऱ्या या मुलखात कोणी पदरचे द्रव्य खर्चून सूर्यनारायणास माथ्यावर आमंत्रण द्यावे, याचे आम्हांस नवल वाटले. ऊन काचेतून निर्वेध आत शिरते, उष्णता मात्र बाहेर पडण्यास राजी नसते. सबब खाली पडदा ओढणे आले, म्हणजे अखेर पत्राच! शिवाय पत्र्याचा पोचा मिस्त्री ठोकून काढतो. फुटल्या काचेचे साबुदाण्याएवढे दाणे मात्र केवळ झाडून घ्यावयाचे. टपावर बसून कुस्त्यांचा फड पाहण्याची पिढीजात वहिवाट तर बिनतक्रार खालसा झाली. परवा शेजारच्या ऊसवाहू ट्रकच्या पत्र्यावरून ड्रायव्हर म्हणाला, “दादा, वर या, हितनं समदं दिसतंय!”