एट-बिट काका

एट-बिट काकांकडे चहाला जायचं तर अख्खी दुपार मोकळी ठेवून जावं. चहा दहा मिनिटांत येतो, पण तोवर माळ्यावरचा खोका खाली उतरलेला असतो.

वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी आयटीतली. ऑफिसात लॅपटॉप मिनिटभर अडखळला तर सपोर्टवाल्याला लागोपाठ तीन मेल. घरी मात्र याच गृहस्थांचा जीव जगातल्या सगळ्यांत संथ यंत्रात अडकलेला. खोक्यातून निघतो तो स्पेक्ट्रम प्लस हा एट-बिट कॉम्प्युटर. विलायतेत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने काढलेला आणि १९८८ साली डेसीबेल्स या कंपनीने परवाना घेऊन इथे विकायला आणलेला. मेमरी ४८ के. हा आकडा काका दोनदा उच्चारतात आणि मग आपल्याच फोनवरचं सुप्रभातचं चित्र समोर धरतात.

"हा गुलाब बघ. हा एकटा त्यात मावणार नाही. आणि तेवढ्यात मॅथ्यू स्मिथने १९८३ साली मॅनिक मायनर या गेमच्या वीस गुहा बसवल्या!"

"अहो, तो गुलाब मीच पाठवलाय," आतून काकूंचा आवाज येतो.

मग विधी सुरू होतो. गेम कॅसेटवर, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये. आधी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून हेड पुसायचं, मग बारक्या स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान लावून ऐकायचं. जे की दाबली की लोड हा अख्खा शब्द उमटतो, हे काका दर वेळी नव्याने सांगतात. प्ले दाबताच घरभर किरकिर सुरू होते, पडद्याच्या कडेने आधी लाल-निळसर आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागतात. हे पाचेक मिनिटं चालतं. त्या वेळात बोलायचं नाही आणि मिक्सर लावायचा नाही. काकूंनी चटणीची वेळ कधीच बदलून घेतली आहे.

चौथ्या मिनिटाला 'आर टेप लोडिंग एरर' आला की काकांचा चेहरा उजळतो. एरर आला नाही तर ते थोडे हिरमुसतात, असा माझा अंदाज आहे. एकदा भाच्याने फोनवर एम्युलेटर घालून तोच गेम क्षणात उघडून दाखवला, तेव्हा पंगतीला बसायला आलेल्या म्हाताऱ्यासमोर बुफेची ताटली धरावी तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

तीन जुने, ढेरपोटे टीव्ही बेडरूममध्ये आहेत, तेही भंगारवाल्याला मिळत नाहीत. त्याला कारण मात्र खरं आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या व्हिडिओ गेममधली बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदूक आंधळी. हे सगळं काकूंना तोंडपाठ आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिन्ही टीव्ही कशाला? बदकं तर दोनच येतात.

काकांच्या कॅसेटा सगळ्या डबल डेकवर उतरवलेल्या. मूळ एकही नाही. भाच्याला सॉफ्टवेअर विकत घेण्याचं महत्त्व पटवून देताना हा विषय निघत नाही.

मॅनिक मायनरमध्ये जीव कधीच संपू नयेत म्हणून 'पोक ३५१३६, ०' ही आज्ञा टाइप करतात. गॅसचा ग्राहक क्रमांक शोधायला काकांना फाइल लागते, हा आकडा मात्र तोंडपाठ आहे. वायफायचा पासवर्ड यातूनच बनवलेला आहे आणि तो सोसायटीत सर्वांना माहीत आहे.

परवा मी गेलो तेव्हा शेजारचा आठ वर्षांचा मुलगा खेळायला बसला होता. पोक न घालता. अप्रामाणिक खेळ लहान मुलांना शिकवू नये म्हणे. पहिल्याच गुहेत तो तीनदा मेला.

"काका, सेव्ह कुठे करायचं?"

"सेव्ह नाही. मेलास की पहिल्यापासून."

"जाहिरात बघितली तर लाइफ मिळते?"

काका काही बोलले नाहीत. पण पोरगं चिवट निघालं. पुन्हा पुन्हा मरत ते दुसऱ्या गुहेत पोचलं, मग तिसऱ्या. मला वाटलं, आता काका त्याच्या शेजारी मांडी घालून बसतील. बघितलं तर ते टीव्हीकडे पाठ करून दुसऱ्या कॅसेटची सैल टेप पेन्सिलने गुंडाळत होते.

"बास झालं रे खेळून," ते म्हणाले. "बंद कर आता. जेट सेट विली लोड करायचाय."