समीक्षेचं कडवं

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उपोषणाला बसायचं तर मंडप लागतो, भोंगा लागतो आणि शाहीर लागतात. मंडपवाला आणि भोंगेवाला पैसे आगाऊ घेतात. शाहीर म्हणतात, "राहू द्या, मागून बघू." तोवर उपोषण सुटलेलं असतं, लिंबूपाणी पिऊन झालेलं असतं आणि पुढारी गाडीत बसलेले असतात.

शाहिरांकडे डफ नाही, तुणतुणं नाही, फेटाही नाही. एक स्प्लेंडर आहे आणि तिच्या हँडलला अडकवलेली रेग्झिनची पिशवी आहे. पिशवीत लाल पुठ्ठ्याची चोपडी. डाव्या पानावर सिनेमातलं गाणं, उजव्या पानावर त्याचा उपयोग. विरहगीतापुढे लिहिलंय, 'जागावाटप फिसकटल्यास'. नायिकेला मनवायच्या गाण्यापुढे 'नाराज कार्यकर्ते'. पाठवणीच्या रडक्या गाण्यापुढे आधी 'श्रद्धांजली' होतं, ते खोडून 'पक्षांतर' केलंय. चाल दुसऱ्याची, शब्द शाहिरांचे आणि आवाज उस्मानपुऱ्यातल्या एका पोराचा. त्या पोरानं फ्लॅटच्या मागच्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकून स्टुडिओ काढलाय. गाणं सकाळी सांगितलं की संध्याकाळी रिक्षावर वाजतं.

अशी माणसं गावोगाव असतात, पण क्रांती चौकातल्या माणसाला धंद्याची सोय जास्त. 1857 मध्ये इंग्रजांवर उलटलेल्या शिपायांना जिथं ठार केलं तो काळा चबुतरा इथलाच. तेव्हापासून या शहरात ज्याला कुणाला काही म्हणायचं असतं तो इथं येऊन म्हणतो. 9 ऑगस्ट 2016 ला मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच शहरातून झाली. तो मूक मोर्चा होता. शाहीरही चालले आणि त्या दिवशी काही तास त्यांचं तोंड बंद होतं, असं त्यांच्या घरचे कौतुकानं सांगतात.

शाहीर निःपक्षपाती आहेत. म्हणजे सगळ्या पक्षांचं लिहितात. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. जिल्ह्यातल्या 6 शिवसेना आमदारांपैकी 5 जण एकनाथ शिंद्यांबरोबर गेले, तेव्हा शाहिरांनी एका आठवड्यात एकाच चालीवर दोन गाणी दिली. एकात गेलेल्यांना झोडपलं, दुसऱ्यात राहिलेल्यांना. 'खोके' या शब्दानं तर त्यांना वर्षभर पोसलं. डोके, बोके, धोके, ठोके, एवढी यमकं एका भ्रष्टाचाराला क्वचित मिळतात. कुणी विचारलंच की शाहीर, तुमचं स्वतःचं मत काय, तर ते पूर्ण गंभीरपणे सांगतात, "आपलं मत यमकाच्या बाजूनं."

हे मी गमतीनं लिहीत नाही. शहराची पाणी योजना 1680 कोटींवरून 2740 कोटींवर गेली तेव्हा सगळे खर्चावर चिडले. शाहीर चिडले ते नवा आकडा ओळीत बसेना म्हणून. "एक हजार सहाशे ऐंशी कसं झोकात येत होतं! यांनी आकडा वाढवला ना, मात्रांचा विचारच केला नाही." शेवटी त्यांनी आकडा काढूनच टाकला आणि लिहिलं :

नळाला पाणी आठव्या दिशी,
साहेब येती पाचव्या वर्षी.

हे दोन चरण पैठण गेटपासून सिडकोपर्यंत पोरांच्या तोंडी बसले. पुढं जे रामायण झालं ते या दोन चरणांपायीच, पण त्याआधी शाहिरांच्या आयुष्यातलं एक मोठं दुःख सांगायला हवं.

ते म्हणजे त्यांच्यावर आजवर साधी एनसीसुद्धा दाखल झालेली नाही. इतकी वर्षं इतक्या लोकांना नावं ठेवली, पण कुणाला राग म्हणून येत नाही. ज्याच्यावर गाणं असतं तोच येऊन म्हणतो, "शाहीर, भारी झालं, आता त्याच्यावर करा." अशात एप्रिल 2023 मध्ये याच शहरातल्या राज मुंगसे नावाच्या तरुण रॅपरनं खोक्यांवर रॅप केला. त्यात त्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पक्षाचंही नाही. तरी थेट अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. शहरात निषेध झाला, पुढारी त्याच्या बाजूनं बोलले. शाहीरही निषेधाला हजर होते, पण चेहरा पडलेला. चहा पिताना म्हणाले, "अंबरनाथला ऐकू गेलं हो त्याचं! माझं इथल्या 'बाबा' पेट्रोल पंपाच्या पुढं जाऊ नाही ऱ्हायलं."

त्याआधी 2017 मध्ये मुंबईत आरजे मलिष्कानं सोनूच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर खड्ड्यांचं गाणं केलं होतं. पाठोपाठ महापालिकेची माणसं तिच्या घरी गेली आणि डेंगीच्या डासाच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस दिली. खड्डे रस्त्यावरचे आणि तपासणी कुंड्यांची. तेव्हापासून शाहीर नवं गाणं सोडायच्या आधी कूलर उपडा करतात. आता ज्या शहरात घरोघरी पाण्याचे ड्रम आठ-आठ दिवस भरून ठेवावे लागतात, तिथं अळ्या शोधायला कुणी निघालं तर आरोपी कोण आणि फिर्यादी कोण हे ठरवताना प्रशासनाची पंचाईत होईल. पण शाहिरांची तयारी असते. ते वाट बघतात म्हटलं तरी चालेल.

मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामराचं प्रकरण झालं आणि शाहीर चार दिवस मोबाइलमधून बाहेर आले नाहीत. 'दिल तो पागल है'मधल्या एका गाण्याच्या चालीवर त्यानं शिंद्यांवर विडंबन केलं. व्हिडिओ आला त्याच रात्री शिवसैनिकांनी मुंबईत खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसंही तिथं हातोडे घेऊन पोचली. दोन-तीन दिवसांनी यूट्यूबवर टी-सीरिजची हरकत आली, ती मात्र त्याच कार्यक्रमातल्या 'मिस्टर इंडिया'तल्या गाण्याच्या विडंबनाबद्दल. म्हणजे फोडाफोडी एका गाण्यापायी आणि कॉपीराइट दुसऱ्याच गाण्यापायी. शाहिरांना यातलं पहिलं लगेच कळलं. रागावलेला माणूस खुर्च्या फेकतो, त्यात समजायचं काय? दुसऱ्यानं ते हादरले.

"चालीचा मालक असतो?" त्यांनी विचारलं.

इथं शाहिरांची बाजू घ्यायला हवी. ज्या मुलखात त्यांचा जन्म गेला तिथं चालीला मालक विचारायची रीतच नव्हती. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला एकनाथ महाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगं उचलून भारुडं केली, तेव्हा कुठल्या वासुदेवानं हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. आचार्य अत्र्यांनी 1925 मध्ये 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळाच्या कवींची टोपी उडवली, तीही त्यांच्याच वृत्तांत. आणि सिनेमाची चाल म्हणाल तर ती गणपतीत आरतीला, नवरात्रात देवीला, 14 एप्रिलला भीमगीताला आणि मधल्या काळात हळदीला लागते. एवढं काम केल्यावर ती उमेदवाराच्या रिक्षावर चढली तर बिघडलं काय, असा शाहिरांचा साधा हिशेब होता.

पण पाण्याचं गाणं यूट्यूबवर चढलं आणि तासाभरात इंग्रजीत मेल आला. स्टुडिओवाल्या पोरानं वाचून दाखवला. यूट्यूबचं यंत्र आहे, 2007 पासून चालू आहे, गाणं चढवलं की ते आपल्याकडच्या गाण्यांशी ताडून बघतं. चाल जुळली, आता जाहिरातीचे पैसे मूळ कंपनीला जातील. शाहिरांच्या चॅनेलला जाहिरातच येत नसल्यानं कंपनीला नेमकं काय मिळणार होतं कोण जाणे. शाहिरांना पैशाचं दुःख नव्हतंच.

"त्यानं शब्द ऐकले का?" ते विचारत राहिले.

"नाही, फक्त चाल."

"आठव्या दिशी, पाचव्या वर्षी, एवढं चांगलं जुळलंय ते नाही ऐकलं?"

"यंत्र आहे हो, शाहीर."

"मग हसलं तरी का?"

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण मला तो अजून छळतो. स्टुडिओ फोडणाऱ्यांनी निदान शब्द नीट ऐकले होते. कळले होते म्हणूनच फोडला. या नव्या श्रोत्याला फक्त सूर कळतो. त्याला तुम्ही पुढाऱ्याची स्तुती केली काय आणि आरती ओवाळली काय, सारखंच.

शाहीर अदालत रोडवरच्या एका वकिलाकडे गेले. वकीलसाहेबांनी कॉपीराइट कायदा, 1957 काढला आणि कलम 52 वाचून दाखवलं. परवानगीशिवाय काय काय करता येतं त्याची यादी त्यात आहे. त्यात विडंबन हा शब्दच नाही. टीका आणि समीक्षेसाठी वापर करता येतो, पण ती टीका एखाद्या कलाकृतीवरची हवी, त्याच किंवा दुसऱ्या. पुढारी ही कलाकृती नाही.

"काही काही आहेत," शाहीर म्हणाले.

वकीलसाहेबांनी पान उलटलं. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर कायद्यानं चालतं. सरकारी समारंभातही चालतं. शाहिरांचे डोळे लकाकले. उमेदवाराला मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसवला तर प्रचारफेरीची वरात होते का, असं त्यांनी विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, निवडणूक आयोग वधूची चौकशी करेल.

मग त्यांनी दोन दाखले दिले. केरळात एका गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला सिव्हिक चंद्रन यांनी उलट नाटक लिहिलं. त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद बरेच घेतले होते. 1996 मध्ये तिथल्या हायकोर्टानं मूळ नाटकावरची टीका म्हणून ते अडवू दिलं नाही. आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1994 मध्ये एका रॅप टोळीच्या विडंबनाची बाजू उचलली, पण खुलासा असा केला की ज्या गाण्याची चाल घेतली त्या गाण्याचीच टिंगल असेल तर बाजू भक्कम. परक्या माणसाला झोडपायला दुसऱ्याचं गाणं उचललं तर अवघड. "तुम्ही कसं आहे," वकीलसाहेब म्हणाले, "भांडण एकाशी करता आणि काठी तिसऱ्याची नेता."

त्यांनी फी घेतली नाही. त्याऐवजी बार असोसिएशनच्या निवडणुकीसाठी एक गाणं लिहून घेतलं. सिनेमाच्या चालीवर.

इथवर शाहीर बिचारे वाटतात. पण त्याच महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका चॅनेलनं त्यांचं पाण्याचं गाणं जसंच्या तसं उचललं. शाहीर शेवटच्या चरणात आपलं नाव घालतात, 'शाहीर सांगे' वगैरे. तेवढं कापून तिथं हॉर्नचा आवाज टाकला. त्या दिवशी मी शाहिरांना पहिल्यांदा खऱ्या रागात पाहिलं. स्प्लेंडर फुटपाथवर चढवून ते आमच्या टपरीवर आले ते ओरडतच.

"चोर! भरदिवसा चोरी! माणूस रात्र-रात्र जागून लिहितो आणि हे उचलून नेतात! विचारायचं तरी! नाव तरी ठेवायचं!"

टपरीवर सगळे अदबीनं गप्प बसले. एकानं हळूच विचारलं, "चाल कुणाची हो, शाहीर?"

"चालीचा काय संबंध? चाल काय, ती असतेच. शब्द माझे आहेत!"

कायद्यानं ते बरोबरच बोलत होते. शब्द लिहिले की ते लिहिणाऱ्याचे होतात, नोंदणी लागत नाही. शाहिरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वकिलाकडे तासभर बसून दुसऱ्याचा हक्क काही केल्या डोक्यात शिरला नव्हता, स्वतःचा हक्क मात्र हॉर्न वाजताक्षणी लख्ख कळला. त्यांनी त्या चॅनेलविरुद्ध तक्रार टाकली, मजकुरात 'मौलिक' हा शब्द तीनदा घातला आणि 90 दिवसांत 3 तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या तर चॅनेल बंद होतं हे कळल्यावर उरलेल्या दोन कोण करेल याची चौकशी करत फिरले.

राग उतरला तसं वकीलसाहेबांचं बोलणं त्यांना आठवलं. गाण्याचीच टिंगल असेल तर बाजू भक्कम. त्यावर शाहिरांनी जो तोडगा काढला तो या शहराबाहेर कुठं असेल असं वाटत नाही. आता त्यांच्या प्रत्येक विडंबनात तीन कडवी पुढाऱ्यावर असतात आणि चौथं मूळ गाण्यावर. त्याला ते समीक्षेचं कडवं म्हणतात. खड्ड्यांचं, कचऱ्याचं सगळं सांगून झालं की पोरगा मध्येच सूर लावतो :

डोंगरावर हिरो नाचे, हाताला त्याच्या काम नाही,
मागून नाचती पन्नास पोरी, एकीलाही घाम नाही.

रिक्षाच्या मागं चालणारे कार्यकर्ते इथं गोंधळतात. हे आपल्या उमेदवाराबद्दल आहे की समोरच्या, हे कळत नाही. काही ठिकाणी दोन्हीकडच्यांनी घोषणा दिल्या. यंत्राला अर्थात काही फरक पडला नाही, ते आपलं मेल पाठवतंच. पण शाहीर आता तो मेल उघडत नाहीत. "आपण कलम 52 मध्ये बसतो," म्हणतात आणि बिलात समीक्षेचे पाचशे वेगळे लावतात.

परवा एका साहेबांच्या पीएचा फोन आला. गाणं ऐकलं, साहेब खूश आहेत. विरोधकाला लबाड म्हटलंय ते ठीक, चोर म्हटलंय तेही ठीक, ठेकेदाराचा उल्लेख तर फारच छान. फक्त ते चौथं कडवं काढा.

"का हो?"

"वहिनींना ते गाणं फार आवडतं. त्यांच्या लग्नात वाजलं होतं. त्याला नावं ठेवलेली घरात चालायची नाहीत."

शाहीर म्हणाले, काढतो. आणि बिलात 'समीक्षा'च्या खाली आणखी एक ओळ लिहिली : 'समीक्षा मागे घेणे, रु. 500'.