कोंढाण्याची तोफ आणि फिटरच्या शंका

व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या, म्हणजे आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन अशा ट्रेडला असणाऱ्या विद्यार्थ्यांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून ऐतिहासिक चित्रपट दाखवावेत, ही सूचना वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु दिवसभर कानस चालवणारा प्रेक्षक पडद्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार सूचना करणाऱ्याने केलेला नसतो. येडगावसारख्या, शिवनेरीच्याच म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या गावी वाढलेल्या मुलाला शिवचरित्र पडद्यावरून शिकवण्याची गरज नसतेच. त्याला शिकवता येते ते चित्रपटांतल्या चुकांवरून, आणि त्या बाबतीत निर्मात्यांनी कधी हात आखडता घेतलेला नाही.

2020 च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात राजगडाचा वेध घेण्यासाठी ‘नागिन’ नावाची अवाढव्य तोफ कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, आणली जाते. या दोन गडांत हवाई अंतर सुमारे 15 किलोमीटर आणि त्या काळच्या तोफेचा परिणामकारक पल्ला, म्हणजे गोळा नेमका लागण्याचे अंतर, फार तर एक-दोन किलोमीटर. म्हणजे येडगाव धरणाच्या भिंतीवर तोफ ठेवून शिवनेरीचा बुरूज पाडण्यासारखाच हा बेत झाला. सभासद बखरीतल्या कोंढाण्याच्या हकिकतीत अशी तोफ नाही, एवढे सांगून इतिहासाचा शिक्षक मोकळा होतो. फिटर मात्र नळी कोणी ओतली, आतून बोअर कसा काढला, चढणीवर गाडा मागे घसरू नये म्हणून काय केले आणि तलवारींना खरेच पाणी दिले होते की नुसती बफ मारली होती, असे विचारत सुटतो. हे परीक्षेला येत नसल्यामुळे शिक्षकाची पंचाईत होते.

वायरमनला याच गडावरच्या 1923 च्या मूकपटाची, बाबुराव पेंटरांच्या ‘सिंहगड’ची हकिकत सांगावी, कारण त्यातली रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात टिपली होती आणि पेंटरांनी कॅमेराही स्वतःच घडवला होता. आयटीआयच्या प्रात्यक्षिकात हमखास पास झाला असता, असा दिग्दर्शक विरळाच.

खरे तर कारागिरांचा इतिहास जुन्नरच्या लेण्यांतच कोरलेला आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, दानाची ठेव ठेवल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे त्यांची पत आजच्या पतसंस्थांनी हेवा करावा अशी होती. त्यावर चित्रपट मात्र निघत नाही, कारण ठेवीवरच्या व्याजाला ढोलताशांचे पार्श्वसंगीत शोभत नाही आणि कोणताही नायक मध्यंतरापर्यंत स्लो मोशनमध्ये नुसती टोपली विणत बसायला तयार होत नाही.