मुखदर्शन

आमचे सदाअण्णा पतसंस्थेत वसुली अधिकारी आहेत हे सांगितलं, की ऐकणारा आधी अण्णांकडं बघतो आणि मग सांगणाऱ्याकडं. दोष चेहऱ्याचा आहे. तो चेहरा वसुलीचा नाहीच. पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन “एक तरी घ्याच” म्हणत फिरणाऱ्याचा आहे. अण्णा थकबाकीदाराच्या दारात उभे राहिले, की आतून हाक येते, “या अण्णा, बसा की.” चहा होतो. पोरांच्या शाळेची चौकशी होते. निघताना पिशवीत परड्यातली चार वांगी पडतात. हप्ता तेवढा राहतो. एकदा तर तीन वर्षं थकलेल्या एका कर्जदाराकडं नोटीस घेऊन गेले आणि त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात पाचशे एक रुपये आहेर करून परत आले.

मिशीचा उपाय करून झाला होता. कोल्हापुरात मिशीला मान आहे, पण ती ज्याच्या त्याच्या तोंडावर शोभते. अण्णांना मिशी आली, दरारा आला नाही. गल्लीतले लोक उलट विचारू लागले, “अण्णा, तब्येत बरी न्हाई काय?”

शेवटी अण्णांनी स्वतःच्या तोंडाचा नाद सोडला आणि गाडीचं तोंड बदलायचं ठरवलं.

गाडी पांढरी, सेकंडहँड घेतलेली, एमएच ०९ पासिंगची. उंचीनं जीप आणि स्वभावानं रिक्षा. कंपनीनं तिचं तोंड असं केलं होतं, की ती कायम “आत येऊ का सर?” असं विचारत उभी आहे असं वाटावं. हायवेला आपल्याला कोणी साइड देत नाही त्याचं मूळ इथं आहे, असा अण्णांचा शोध.

“सर,” ते मला म्हणाले. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं गल्लीत मला दुसरं नाव उरलेलं नाही. “सर, रुग्णवाहिकेवर अक्षरं उलटी का लिवत्यात?”

“पुढच्या गाडीच्या आरशात सुलटी दिसावीत म्हणून.”

“बघा! म्हंजे गाडीचं तोंड कुणासाठी? पुढच्याच्या आरशासाठी. मग त्या आरशात आपण कसं दिसतोय, ह्याचा कोण विचार कराय लागलंय काय?”

अण्णा एकटे नाहीत. ही एक मोठी जमात आहे. संध्याकाळी रंकाळ्याच्या रस्त्यावर उभं राहिलात तर तासाभरात सगळे नमुने पाहून होतात. फॉर्च्युनर येते ती लेक्ससचं तोंड लावून. साध्यासुध्या स्विफ्टला बेंटलेची बारीक जाळी असते, म्हणजे अंगात सदरा आणि डोक्यावर मुगुट. थारला तर कपाळाला आठ्या घातलेलं ‘अँग्री बर्ड’ ग्रिल लावल्याशिवाय काही मालकांना जेवण जात नाही. आत बसलेला माणूस मात्र बहुतेक वेळा गाणी ऐकत, शेंगदाणे खात चाललेला असतो. राग सगळा गाडीवर सोपवलेला.

या जमातीला इंजिन कळतंच असं नाही. ऑइल कधी बदललं, हे अण्णा काचेवरचा सर्व्हिसिंगचा स्टिकर वाचून सांगतात. पण तोंडं सगळी पाठ. अँबॅसिडर मार्क वन की मार्क टू, हे बाकीचे लोक कागद बघून सांगायचे, अण्णा जाळी बघून. १९६२ साली मार्क टू आली ती नवी जाळी लावूनच, हे ते घरातल्या एखाद्या बारशासारखं सांगतात. बीएमडब्ल्यूनं १९३३ साली ३०३ नावाच्या गाडीला पुढं दोन नाकपुड्या काढल्या, त्या आजतागायत बुजवल्या नाहीत. इंग्रजीत त्यांना ‘किडनी’ म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा अण्णा दुखावले. “तोंडावर किडनी कशी असंल सर? कायतरीच.”

जीप हा त्यांच्या कीर्तनाचा उत्तररंग. लढाईतल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या. १९४५ साली ती साध्या माणसांसाठी विकायला काढली तेव्हा हेडलाइट मोठे झाले आणि फटी उरल्या सात. त्या सात फटी म्हणजे आज जीपवाल्यांचं कुंकू. महिंद्रानं अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची गाडी नेली, तेव्हा ती आमच्या जीपसारखी दिसते म्हणून फियाट क्रायस्लरनं २०१८ साली तक्रार ठोकली आणि महिंद्राला पुढं रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. “बघा सर,” अण्णा हळू आवाजात सांगतात, “तोंडावरनं अमेरिकेत कोर्टकचेरी हुती. आणि आमची ही म्हंती, ग्रिल म्हंजे नुसती जाळी.” इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल मात्र त्यांना दयाच येते. पुढून वारं फारसं लागायचं नाही, म्हणून पुढचा भाग बहुतेक बंद. “बिचारीला तोंडच न्हाई. बोलणार कशानं?”

याआधी अण्णांनी गाडीला पुढं जाडजूड लोखंडी गार्ड बसवलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं असली गार्डं बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. धडकेचा जोर त्यांच्यामुळं भलतीकडं जातो, एअरबॅगच्या सेन्सरची गफलत होऊ शकते आणि पायी चालणारा अधिक जखमी होतो. अण्णांनी ते निमूट काढून भंगारात घातलं. त्यामुळं या वेळी मी त्यांना आधीच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं. नियमबाह्य फेरफाराला दर फेरफारामागं पाच हजारांचा दंड असल्याचंही सांगितलं. अण्णांनी शांतपणे आरसी काढली. “इंजिन नंबर हाय, चासी नंबर हाय, रंग हाय. तोंडाचा रकाना दाखवा, मी गप बसतो.” वसुली अधिकाऱ्याला कागद वाचता येत नाही असं कोण म्हणेल?

मग खरेदी. या धंद्यात ग्रिलला ‘शो’ म्हणतात. “पुढचा शो दाखवा” म्हटलं की दुकानदार तुम्हाला जाणकार समजतो आणि दर दोनशेनं वाढवतो. आम्ही चार रविवार दुकानं पालथी घातली. क्रोमचा शो होता, तो अण्णांना वाजंत्र्याच्या बँडसारखा वाटला. मोठाल्या इंग्रजी अक्षरांचा होता, तो त्यांनी तत्त्वावर नाकारला. “आरशात उलटं दिसणार. पुढच्यानं वाचायचं कसं?” स्टीलची जाळी सुरेख होती, पण वहिनींनी फोटो बघून “वरण गाळाय बरी हाय” म्हटल्यावर तिचा विषय संपला. शेवटी काळा चकचकीत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी भोकांचा, दोन्ही टोकांना वर खेचलेला शो पसंत पडला. तो बघितल्यावर गाडी डोळे बारीक करून “हप्त्याचं काय ठरलं?” असं विचारते आहे असं मलासुद्धा वाटलं.

“एबीएसचा माल हाय,” दुकानदार बोटानं टिचकी वाजवत म्हणाला. “डायरेक्ट फिटिंग. कटिंग न्हाई, ड्रिलिंग न्हाई.”

साडेचार हजारांना तोंड ठरलं. फिटिंग दुकानात करायला अण्णा तयार होईनात, कारण तिथला पोरगा दुसऱ्याच्या बंपरमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालताना कुठलंतरी गाणं गुणगुणत होता. “ऑपरेशन करताना डॉक्टर गातोय काय?” त्यामुळं रविवारी सकाळी अंगणातच मांडामांड झाली. खाली वहिनींची गोधडी, तिच्यावर पाने ओळीनं आणि बॅटरी धरायला मी.

ग्रिल बाहेरून ओढून निघत नाही. आमच्या गाडीचं तरी बंपरात आतून अडकलेलं होतं, म्हणजे आधी बंपर उतरवणं आलं. बॉनेट उघडून वरच्या कडेच्या पुश क्लिपा काढायच्या, चाकाच्या खाचेतले स्क्रू काढायचे, खाली पालथं पडून दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट सोडवायचे आणि मग दोन्ही बाजूंनी बंपर हिसडायचा. पुश क्लिपेची मधली पिन आधी अलगद उचलायची असते, मग क्लिप ओढायची. हे ज्ञान आम्हाला तिसऱ्या क्लिपेनंतर झालं. पहिल्या तीन ‘टक’ करून गेल्या. उन्हापावसात आठ वर्षं काढलेलं प्लॅस्टिक. त्याला पेन्शनची घाई झालेली असते. प्रत्येक ‘टक’ला अण्णांचा एक डोळा मिटत होता. बंपर शेवटी फाटल्यासारखा आवाज करत निघाला, तेव्हा ते पाठ करूनच उभे होते.

आणि समोर बंपराविना गाडी. दोन भोंगे, लोंबणाऱ्या वायरी, एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागं रेडिएटर. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत चिलटं, वाळकं पान आणि एका फुलपाखराचा अख्खा पिवळा पंख अडकला होता. अण्णांनी टॉवेल घेतला आणि गाडीवर अर्धवट टाकला. “असं बघू नये माणसानं,” म्हणाले.

नव्या शोला आठ खुंट्या. सहा बसल्या, दोन खाचेपासून तीन मिलिमीटर लांब. मी पट्टीनं मोजलं. दुकानदाराला फोन लावला. “जरा गरम करा, मऊ पडतंय,” तो म्हणाला. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर आला. डायरेक्ट फिटिंगमध्ये पुढं कानस लागली, डबल टेप लागली, चार झिप टाय लागले आणि सरतेशेवटी अण्णांचा गुडघा लागला. दुपारी अडीचला बंपर जागेवर गेला. गोधडीवर दोन स्क्रू आणि एक क्लिप शिल्लक होती. “कंपनी जास्तीच्या घालती,” अण्णा म्हणाले आणि त्या पाकिटात ठेवल्या. जुनं ग्रिल मात्र जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेलं.

पहिली परीक्षा गणपतीपुळ्याची. जाताना सगळा उतार, सगळं झकास. परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि निम्म्यात तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी कडेला घेतली. अण्णा झाकण उघडायला निघाले होते, त्यांना मी हात धरून बसवलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचं तोंड कुठल्याच दुकानात बदलून मिळत नाही. वाट बघता बघता मी सवयीनं शोची भोकं मोजली. एकूण छप्पन्न. त्यांतली आरपार फक्त अठरा. बाकीची नुसती दिसायला, मागून बंद.

ग्रिलचं खरं काम नाकाचं. गाडी पळते तेव्हा वारं आपोआप आत शिरतं आणि रेडिएटरला भेटतं. चढावर गाडी रांगते आणि इंजिन घाम गाळतं, तेव्हा पंख्याला वारं ओढून घ्यावं लागतं. ओढणार तेही त्याच भोकांतून. आम्ही गाडीला बघण्यासारखं नाक बसवलं होतं आणि नाकपुड्या लिंपून टाकल्या होत्या. मलकापुरात एका मेकॅनिकनं तापलेल्या सळईनं मागून एकेक भोक मोकळं केलं. तासभर वास येत होता. अण्णा शेजारी उभे राहून लहान मुलीचे कान टोचताना बाप उभा राहतो तसे बघत होते.

दरारा मात्र आला. ग्रिलनं शब्द पाळला. पांढऱ्या गाडीचं काळं तोंड कोपऱ्यावर दिसलं, की थकबाकीदार मागच्या दारानं पसार होऊ लागले. घराला कुलूप, शेजारी मुके. पूर्वी हप्ता मिळत नव्हता पण चहा मिळत होता. आता वांगीसुद्धा बंद झाली. महिन्याभरानं अण्णांनी तोडगा काढला. गाडी दोन गल्ल्या अलीकडं वडाखाली लावायची आणि आपलं जुनं तोंड घेऊन चालत जायचं. वसुली पूर्वपदावर आली, म्हणजे चहा मिळू लागला.

मला वाटलं, आता शो उतरणार. एका रविवारी अण्णा खरंच किल्ली घेऊन दारात आले, पण घुटमळत होते.

“सर, एक विचारू? सगळ्यांनी बघितलंय. मी न्हाई बघितलं.”

“काय?”

“आरशात कसं दिसतंय त्ये. मी कायम आत बसलेला असतोय.”

त्यांचं म्हणणं इतकं बिनतोड होतं, की मी माझ्या जुन्या अल्टोची किल्ली त्यांच्या हातात दिली. शिरोलीहून किणी नाक्याच्या दिशेनं निघालो. पुढं अल्टोत अण्णा, मागं त्यांच्या गाडीत मी. “पन्नास फूट ठेवा. दिवं लावू नका, दिव्यात जाळी दिसत न्हाई,” अशा सूचना होत्या. मला आतून दिसत होतं ते फक्त बॉनेट. अल्टो तीसच्या वर जाईना. तिच्या मधल्या आरशात अण्णांचे दोन डोळे दिसत होते. रस्त्याकडं ते अधूनमधून बघत असावेत, अशी माझी प्रार्थना होती. मागून ट्रकवाले ओरडत होते.

मी जरा वेग वाढवून जवळ गेलो. एकदाच, बारीकसा हॉर्न दिला.

अल्टोचा डावा इंडिकेटर लागला. गाडी अदबीनं कडेला सरकली. खिडकीतून अण्णांचा हात बाहेर आला आणि “जावा साहेब, जावा पुढं” असा हलला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्या रस्त्यावर अण्णांना कुणी साइड दिली नव्हती. ती त्या दिवशी अण्णांनी दिली.