पटलाचे व्याकरण

इंग्रजीतील ‘टेबल’ हा शब्द नाम असेपर्यंत निरुपद्रवी असतो. त्याचे क्रियापद झाले की मात्र एकच भाषा बोलणारी दोन राष्ट्रे परस्परांच्या अगदी उलट बोलू लागतात. ब्रिटिश संसदीय परिभाषेत प्रस्ताव ‘टेबल करणे’ म्हणजे तो विचारार्थ सभागृहापुढे मांडणे, तर अमेरिकी परिभाषेत त्याच कृतीचा अर्थ तो विचारातून काढून बाजूला सारणे. म्हणजे एका देशात ज्या विधीने प्रस्तावाचे बारसे होते, त्याच विधीने दुसऱ्या देशात त्याचे तेरावे उरकले जाते.

या क्रियापदाने महायुद्धातही आपली कामगिरी बजावली आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९४१ च्या डिसेंबरात विन्स्टन चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला गेले असता ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक टिपण तातडीचे म्हणून ‘टेबल’ करण्याची इच्छा दर्शविली, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी ते टेबल होऊ नये म्हणून विरोध केला. पुष्कळ आणि बऱ्याच कडवट वादानंतर उभय पक्षांना आपली मागणी एकच असल्याचा शोध लागला, असे खुद्द चर्चिल यांनीच आपल्या युद्धेतिहासात नोंदवले आहे. दोस्त राष्ट्रांत फूट पाडण्यासाठी शत्रूने हेर पाठवण्याची काहीच आवश्यकता नव्हती.

अमेरिकी अर्थ मुळात इतका निर्दय नव्हता. त्या देशाच्या सैन्यातील अभियंता-अधिकारी हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये सभाशास्त्राची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिच्या परंपरेत टेबलावर ठेवलेला विषय बहुमताने पुन्हा उचलता येतो. प्रतिनिधिगृहात मात्र या तरतुदीचा उपयोग विषय कायमचा निकालात काढण्यासाठी होतो, आणि टेबल करण्याच्या प्रस्तावावर चर्चेला परवानगी नसल्यामुळे, चर्चा नको या मागणीवरही चर्चा होत नाही. संसदीय कार्यक्षमतेचा याहून शुद्ध नमुना दाखवणे कठीण आहे.

भारताने परिभाषा ब्रिटिशांकडून घेतली. ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ हा मराठी विधिमंडळाचा रूढ शब्दप्रयोग त्याच घराण्यातला आहे. परंतु समन्वय हा ज्या संस्कृतीचा स्थायिभाव, तिने दोन अर्थांपैकी एकाचा त्याग करणे संभवनीय नव्हते, म्हणून येथे अहवाल ब्रिटिश पद्धतीने पटलावर येतो आणि अमेरिकी पद्धतीने तेथेच राहतो. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ यात १९७१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आयोगाचा अहवाल, त्यावर सरकार काय करणार हे सांगणाऱ्या ज्ञापनासह, म्हणजे रूढ भाषेतील कृती अहवालासह, सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवावा लागतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर केला आणि तो ऑगस्टमध्ये विधिमंडळात ठेवताना तत्कालीन राज्य सरकारने पूर्वग्रहदूषित ठरवून फेटाळला. मुदतीचे पालन मात्र काटेकोर झाले. बाबरी मशिदीच्या विध्वंसाची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाने तीन महिन्यांचे काम सतरा वर्षांनी पूर्ण केले. २००९ च्या नोव्हेंबरात तो अहवाल लोकसभेआधी एका वृत्तपत्राच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा त्यात काय आहे यापेक्षा तो फुटला कसा, यावर सदस्य प्रथम संतापले, आणि पटलाचा मान हा आशयाहून मोठा असतो, या सिद्धान्ताला अधिकृत पुष्टी मिळाली.

या शास्त्रातील प्रगत प्रयोग नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे सरकारी जमाखर्च तपासणाऱ्या घटनात्मक अधिकाऱ्याच्या, अहवालांवर होत असतो. राज्याचा अहवाल राज्यपालांनी विधिमंडळापुढे ठेवविला पाहिजे, असे घटनेचे कलम १५१ सांगते, पण तो अधिवेशनाच्या कोणत्या दिवशी ठेवावा हे सांगत नाही. त्यामुळे अनेक सरकारांना शेवटचा दिवस विशेष शुभ वाटतो. विधिमंडळाची लोकलेखा समिती पुढे सवडीने त्यातील परिच्छेद तपासतेच, तोवर विरोधी सदस्य जाड खंडांची पाने चाळत आकडे शोधू लागतात, मंत्री एका वाक्यात अहवाल पटलावर ठेवल्याचे जाहीर करतात, राष्ट्रगीत होते आणि अधिवेशन संस्थगित होते.